एकक: मारुती

पहिला डबा म्हणजे लोणच्याची बरणी होती.
झाकणाला दोन भोकं, त्यातून सेन्सरचे दोन डोळे,
आत बोर्ड, बॅटरी, आणि कितीही धुतला तरी
न गेलेला मोहरीचा वास.
उबेद कोकणीने कठड्याहून शिडी आणली,
पुलाच्या पोटाला बरणी उलटी टांगली
आणि म्हणाला, वटवाघळांना शेजार मिळाला.

अंबडच्या कंपनीत मी दिवसभर
दुसऱ्यांच्या मशिनींचे दोष काढते.
हा दोष माझा, पदरच्या खर्चाचा:
दर दहा मिनिटांनी एक आवाज खाली सोडायचा,
गोदावरीवर आपटून परत येईपर्यंत मोजायचं
आणि घाटावरच्या एकवीस फोनांना कळवायचं.
पाणीपातळी दोनशे बारा सेंटिमीटर.

हौशाबाई कडाळेंचा फोन आला,
बुधवारच्या बाजारात लसूण विकतात त्या.
"दोनशे बारा म्हंजे मारुतीच्या कुठं?"
मी म्हटलं, सेंटिमीटर.
"ते कळलं. गुडघ्याला का कंबरेला?"

मग रविवारी टेप घेऊन
दुतोंड्या मारुतीसमोर उभी राहिले,
शिंप्याने घ्यावं तसं माप घेतलं.
शेंदराचे थर इतके की गुडघा नेमका कुठे संपतो
यावर जमलेल्या चौघांचं एकमत होईना.
एक म्हणाला, दरवर्षी थोडा वर सरकतो.
फुलवाल्याने बोट ठेवलं: इथं. माझ्या बापापासून इथं.
कुठल्याच डेटाशीटमध्ये
इतकं खात्रीचं काही मी वाचलेलं नाही.
टेपला शेंदूर लागला. अजून आहे.

रात्री लायब्ररी लिहिली, एकच फाइल:
घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा.
यंत्र शून्यापासून मोजतं, म्हणून घोटा शून्य,
गळा चार.
त्यापुढे काय, असं कंपायलरने विचारलं नाही.
मीही लिहिलं नाही.

मार्चमध्ये कोळ्याने डाव्या डोळ्यावर जाळं विणलं.
नदी आटलेली, रात्रीचे अडीच,
आणि एकवीस फोन ओरडले: गळा.
हौशाबाई टॉर्च घेऊन घाटावर आल्या,
मारुतीच्या पायाशी कुत्रं झोपलेलं.
मला म्हणाल्या, याला पडसं झालंय.
उबेदने कुंचल्याने डोळा पुसला.
दुरुस्तीच्या नोंदीत मी तेच लिहिलं:
पडसं. बरं केलं.

ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं त्या संध्याकाळी
कंबर. सव्वा तासाने छाती.
गळा आला तेव्हा लसणाची पोती
वरच्या गल्लीत पोचली होती.
मग एक निरोप आला ज्यात काहीच नव्हतं.
वेळ होती, बरणीचा क्रमांक होता,
शब्द असायचा तिथे कोरं.
पाच नंबरच्या खणात मी काही ठेवलंच नव्हतं.

मी अंबडला, लॅपटॉपसमोर, चूक शोधत बसले.
हौशाबाईंनी तो निरोप पाहिला
आणि ताडपत्री, वजनकाटा, होतं तसं सोडून
चढ चढायला लागल्या.
नंतर विचारलं, कसं कळलं तुम्हाला?
"दिसंना झाला, तर नाव कसं घेईल?
अजून काय सांगायचं त्यानं?"

बरणीही गेली त्या रात्री.
सव्वीस दिवसांनी सायखेड्याहून फोन,
झाकणावरचा पुसट नंबर कसाबसा लावून:
ताई, तुमचं लोणचं सापडलंय,
पण आत तारा आहेत.

नवी बरणी तयार आहे. या खेपेला लिंबाची.
उबेद म्हणतो, त्या खणात 'बुडाला' लिही.
लिहून पाहिलं. कंपाइल झालं. पुसलं.
तिथे आता रिकामी जागा आहे,
मुद्दाम, अवतरणचिन्हांत,
आणि बाजूला टीप, माझ्यानंतर हा कोड उघडेल त्याच्यासाठी:
ही चूक नाही. हात लावू नये.